मुरुडचा भोंगा

पोलिसात उभी हयात काढली म्हटलं की लोक मला खून आणि दरोडे विचारतात. मी खून एकही पाहिला नाही. माझ्या वाट्याला भोंगे आले. बँकांचे, सराफांचे, गोदामांचे. भोंगा वाजला की जीप काढायची, धावत सुटायचं आणि बहुतेक वेळा एखादी पाल पेटीतून बाहेर काढून परत यायचं. लोक हसायचे. पण खरं सांगू? प्रत्येक वेळी जीपमध्ये बसताना छाती तशीच धडधडायची. कारण आज पाल आहे की माणूस, हे तिथं पोचेपर्यंत कुणालाच ठाऊक नसतं.

मी हदगाव तालुक्यातला. रेडिओ दुरुस्ती शिकून नांदेडला पोलिसांच्या वायरलेस विभागात लागलो. तिकडे लातूर जिल्हा नवा झाला आणि माणसं कमी पडायला लागली, म्हणून मला लातूरला पाठवलं. काय दिवस होते ते! कलेक्टर कचेरी भाड्याच्या इमारतीत, खुर्च्या शाळेतून मागून आणलेल्या, आणि पाट्यांचा रंग इतका ताजा की टेकलं तर सदऱ्याला लागायचा. नवा जिल्हा म्हणून बँकांनी नव्या शाखा काढल्या, शाखा आल्या तसे अलार्म आले. तारांचं काम येणारा पोलीस म्हणून एसपी साहेबांनी ते सगळं माझ्या गळ्यात घातलं.

तेव्हाचा अलार्म म्हणजे फार अवघड वस्तू नव्हती. दाराला एक लोहचुंबक, चौकटीत एक स्विच. दार उघडलं की दोघांची फारकत होते आणि भोंगा सुटतो. कॅशियरच्या पायाशी एक बटण, म्हणजे कुणी सुरा दाखवला तर हात वर करायचे आणि पायानं दाबायचं. स्ट्राँगरूमच्या आत आणखी एक बटण, चुकून कुणी कोंडला गेला तर. सगळ्या तारा एका पेटीत येतात, पेटीखाली बॅटरी, छपरावर भोंगा. इतकंच. पण नेमका त्या सालांत पाऊस रुसला होता. उन्हानं दारं वाकली, चुंबक आणि स्विच एकमेकांपासून सरकले. पाली, खारी, उंदीर गारव्यासाठी पेट्यांमध्ये शिरले. वीज गेली की एक भोंगा वाजायचा, आली की दुसरा.

आणि काही भोंगे माणसंच वाजवायची. सराफ लाइनीत एक शेठ होते. त्यांचा भोंगा बाजाराच्या दिवशी हमखास वाजायचा. आम्ही धापा टाकत पोचावं तर हे गादीवर निवांत.

"या जमादार, चहा घ्या. किती वेळात येता ते बघून राहिलो होतो."

"शेठ, असं वाजवायचं नसतं."

"अहो, पोलिसांची जीप आली की दुकानासमोर गर्दी होती. गर्दीत चार गिऱ्हाईकं निघतात. तुमचं काय जातंय?"

आमचं काय जात होतं ते एसपी साहेबांना विचारायला हवं होतं. जीप भोंग्यामागे धावून धावून खिळखिळी झाली होती.

त्यात भर टँकरची. नगरपालिका आणि ग्रामपंचायती टँकरनं पाणी वाटत होत्या, आणि टँकर गल्लीत आला हे कळावं म्हणून ठेकेदारानं त्यावर भोंगे बसवले. कुठून आणले? नांदेडच्या ज्या दुकानातून बँकांचे अलार्म येत होते, त्याच दुकानातून. दोघांचा आवाज एकच! बँकेचा भोंगा वाजला की बाया घागरी घेऊन बँकेपुढे रांग लावायच्या. आम्ही चोर शोधत आत, आणि दारात बाहेर नंबरावरून भांडणं.

शेवटी कलेक्टर साहेबांनी बैठक बोलावली. वार शनिवार, बँका दुपारी लवकर बंद होणार, तेव्हा सगळ्या शाखांचे मॅनेजर, सराफांचे पुढारी आणि पालिकेची माणसं जेवून हजर. अलार्म कुणी कसा लावायचा, खोटा वाजला तर काय, याचा जिल्ह्यापुरता एक आदेश काढायचा होता. मसुदा तयार होता. त्यातलं मुख्य कलम असं, की एखाद्या ठिकाणचा भोंगा महिन्यात तीनदा खोटा वाजला, तर दुरुस्त केल्याचा दाखला आणेपर्यंत पोलीस तिथं जाणार नाहीत.

मला एक भोंगा घेऊन बोलावलं होतं, सगळ्यांना समजावून सांगायला. मी तारा जोडल्या आणि बटण दाबलं. खोली दणाणली. मी सोडलं, आणि खिडकीतून बाहेर पाहतो तर कचेरीच्या आवारात घागरी, कळश्या, डबे घेऊन बाया धावत येताहेत! एक म्हातारी शिपायाला दटावत होती, "टँकर कुठं लपवलाव रे?"

सगळे हसले. कलेक्टर साहेबही हसले. वयानं तरुण होते, पण हसू आवरून म्हणाले, "हसण्यासारखं नाही हे. त्यांना जाऊन सांगा, आणि टँकर इकडे वळवा आधी."

तेवढ्यात शेजारच्या कंट्रोल रूममधून आमचा शिपाई धावत आला. "साहेब, मुरुड चौकीचा निरोप. बँकेचा भोंगा केव्हाचा वाजून राहिला."

पुन्हा हशा. कारण बार्शी रोडवरच्या मुरुडची ती शाखा या बाबतीत प्रसिद्ध होती. त्या महिन्यात तिथं आम्ही इतक्यांदा गेलो होतो की मुरुडची पोरं जीप ओळखायला लागली होती. मुरुडचे मॅनेजर बैठकीतच होते, पुढच्या रांगेत. ओशाळून म्हणाले, "पाल असेल साहेब. सोमवारी बघतो."

एसपी साहेब मसुद्यावर बोट ठेवून म्हणाले, "बघा. याच्यासाठीच हे कलम."

मला राहवलं नाही. मी वायरलेसच्या खोलीत गेलो आणि माइक हातात घेतला.

"मुरुड, कंट्रोल बोलतोय. कुलूप तपासलं का? ओव्हर."

पलीकडे मुरुड चौकीचे जमादार. "शटर बंद हाय, कुलूप शाबूत हाय. पब्लिक घागरी घिऊन आली अन् टँकर न्हाई बघून माघारी गेली. पर एक बाई लई भांडून राहिली. चौकीतून हलंना. म्हणती आत माणूस हाय. ओव्हर."

"तिला बोलू द्या."

खरखर झाली आणि एकदम असा आवाज आला की मी कानावरचा हेडफोन दूर धरला.

"ओ साहेब! म्या सोजरबाई, भीमनगरची! टँकर म्हणून आले हुते. मागच्या बोळातून जाताना झरोक्यातून आवाज आला. माणूस कण्हतंय आत! ह्या जमादाराला सांगून सांगून घसा सुकला माझा!"

"बाई, भोंगा कसा वाजतोय? एकसारखा?"

"न्हाई बा. वाजतोय, थांबतोय. पुन्यांदा वाजतोय. दमल्यावानी."

पाल चिकटली की भोंगा एकसारखा वाजतो. दाराचा स्विच उघडला तरी एकसारखाच. मुरुडच्या स्ट्राँगरूममधलं बटण मात्र मी स्वतः पाहिलं होतं. ते दाबून धराल तेवढा वेळच वाजतं. हात सुटला की बंद.

मी बैठकीच्या खोलीत पळत गेलो. "साहेब, कुणीतरी हातानं वाजवतंय. स्ट्राँगरूममधून."

हसू थांबलं. एसपी साहेब मॅनेजरकडे वळले. "तुमचे कॅशियर कुठायत?"

"आप्पा? घरी गेले असतील. बँक बंद करून मी बस पकडली."

"गेले असतील की गेले?"

मी मुरुडला सांगितलं, कॅशियरच्या घरी माणूस पाठवा. आम्ही सगळे त्या छोट्या खोलीत वायरलेसभोवती उभे. कलेक्टर, एसपी, सराफ, सगळे. पंखा बंद, घामाच्या धारा. निरोप आला, "आप्पा घरी आले न्हाईत. घरचे म्हणतेत लातूरला मीटिंगला गेले. ओव्हर."

मॅनेजरचा हात सावकाश खिशात गेला आणि किल्ल्यांचा जुडगा घेऊन बाहेर आला. शटरची किल्ली त्यातच, स्ट्राँगरूमचीही त्यातच. बस चुकेल म्हणून त्यांनी घाईत स्ट्राँगरूमचं दार लोटलं होतं आणि आपली किल्ली फिरवली होती. चष्मा विसरला म्हणून आप्पा तेवढ्यात पुन्हा आत गेलेत, हे त्यांच्या लक्षातच आलं नाही.

"आप्पांना दमा आहे," एवढंच ते बोलले आणि खाली बसले.

एसपी साहेबांनी त्यांना दंडाला धरून उठवलं. "बसायला जीपमध्ये जागा आहे. चला."

मग जे धावलो, तसा मी आयुष्यात पुन्हा धावलो नाही. पुढे एसपी साहेब, मागे मी, मॅनेजर आणि वायरलेसचा सेट. बार्शी रोडवर दुष्काळी काम चालू होतं, अर्धा रस्ता खडीच्या ढिगाऱ्यांनी अडलेला. ड्रायव्हरनं हॉर्नवरचा हात काढला नाही. खडी फोडणाऱ्या बायामाणसांनी काय झालं ते न विचारता पाट्या टाकल्या आणि हातांनी दगड बाजूला लोटले. पुढे गेलो तर रेल्वेचं फाटक बंद. नॅरोगेजची ती छोटी गाडी, माणूस उतरून पुन्हा चढेल अशी तिची चाल. मी फाटकवाल्याला ओरडून सांगितलं, "आत माणूस कोंडलाय!" तो बिचारा हात जोडून म्हणाला, "साहेब, सोडतो हो, पर गाडी दिसून राहिली की समोर." डबा डबा मोजत गाडी गेली. मॅनेजरनं किल्ल्या इतक्या घट्ट धरल्या होत्या की तळहातावर त्यांचे दात उमटले होते.

फाटक उघडतं न उघडतं तोच सेट बोलला. "जीप, मुरुड बोलतोय. भोंगा बंद पडला. ओव्हर."

भोंगा बंद पडायची कारणं दोन. एक तर बॅटरी संपली. दुसरं कारण मी मनात आणत नव्हतो.

"सोजरबाई कुठाय?" मी विचारलं.

"ती झरोक्यापाशी हाय. हलायलाच तयार न्हाई. बोलून राहिली त्याच्याशी."

"तो बोलतो का?"

"ती म्हणती हूं म्हणतोय."

एसपी साहेबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि ड्रायव्हरला म्हणाले, "अजून जोरात."

मुरुडला बँकेपुढे सगळं गाव. माणसांनी पहारी आणल्या होत्या, पण स्ट्राँगरूमची भिंत सिमेंटची, पहार नुसती उडत होती. मॅनेजरची किल्ली शटरच्या कुलपात बसेना, शेवटी ते मी उघडलं. आत अंधार. मॅनेजर जाताना मेन स्विच पाडून गेले होते. नुसती भट्टी. पण स्ट्राँगरूमपाशी येताच मॅनेजरनं माझ्याकडून किल्ल्या ओढून घेतल्या. "हे मी उघडतो." आणि खरंच, एका झटक्यात किल्ली बसली.

आप्पा दाराशीच बसलेले होते. बसलिंगआप्पा, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, मुरुडच्या व्यापारी घरातले, सगळा बाजार त्यांना मालक म्हणायचा. सदरा काढून टाकलेला, ओठ निळसर, आणि तोंडात झरोक्यातून आत सोडलेला ओल्या लुगड्याचा एक पट्टा. उजवा हात अजून वर, बटणावर. ते बोटांनी बटण दाबतच होते. बॅटरी केव्हाच संपली होती, पण त्यांना कोण सांगणार?

मी त्यांचा हात खाली घेतला. "आप्पा, झालं. आलो आम्ही."

त्यांनी डोळे उघडले आणि पहिला मोठा श्वास घेतला. त्या श्वासाचा आवाज मी आजही ऐकू शकतो. आम्ही त्यांना उचलून बाहेर लिंबाखाली आणलं, आणि सगळ्या बाजारानं असा गलका केला की भोंगा काय वाजेल! एसपी साहेब टोपी हातात घेऊन उभे, आणि चेहऱ्यावरून घाम पुसता पुसता हसत होते. मॅनेजर आप्पांच्या पायाशी बसून रडत होते. दवाखान्यातले डॉक्टर आले, सुई दिली, म्हणाले, वाचले.

कलेक्टर साहेबही मागोमाग आले होते. त्यांनी काय करावं? उरलेली बैठक त्यांनी तिथंच लिंबाखाली घेतली. मसुदा काढला, पोलीस जाणार नाहीत या कलमावर आडवी रेघ मारली आणि समोरच्या बायांना विचारलं, "तुम्ही सांगा, काय करायला पाहिजे?"

सोजरबाई पुढे झाली. मध्यमवयीन, उंच बाई, तिच्या लुगड्याचा पदर एका बाजूनं फाडलेला. "साहेब, टँकर बी तसाच बोंबलतो अन् बँक बी तशीच बोंबलती. आम्ही कुठं धावायचं? टँकरला घंटी लावा. शाळंची असती तसली. मग भोंगा वाजला की समद्यांला कळंल, कुणीतरी अडचणीत हाय."

आदेशात ते पहिलं कलम झालं. टँकरला घंटा. पुढची कलमं एसपी साहेबांनी सांगितली आणि मी तारांच्या बाजूनं समजावली. प्रत्येक भोंग्याची नोंद ठाण्यात. किल्ली असलेल्या दोन माणसांची नावं ठाण्याला ठाऊक हवीत, आणि त्यातला एक गावातच हवा. स्ट्राँगरूम लावण्याआधी आत हाक मारायची. वारंवार खोटा वाजला तर मालकानं दुरुस्तीच्या खर्चाबरोबर जीपचं डिझेलही द्यायचं, पण पोलीस प्रत्येक वेळी जाणारच. सराफ लाइनीतल्या शेठनं डिझेलचं कलम ऐकलं आणि बाजाराच्या दिवशीचा त्यांचा भोंगा जो गप्प झाला तो कायमचा.

त्या कागदाचा मला फार अभिमान. पुढे मी नांदेडला परत गेलो, भोकर, हदगाव सगळीकडे अलार्म तपासत फिरलो, आणि जिथं जाईन तिथं हाक मारायचं कलम मी स्वतःहून सांगायचो. आता अलार्म मोबाइलवर वाजतात. कुठल्या तरी दूरच्या शहरात बसलेला माणूस पडद्यावर बघतो आणि ठरवतो, खरा की खोटा. असेल बाबा ते चांगलं. पण बोळातून जाणाऱ्या बाईला आता काही ऐकू येत नाही, याची मला हुरहुर वाटते.

त्या दुपारचं एक मात्र सांगायचं राहिलंच.

आप्पांना लिंबाखाली आणलं तेव्हा, डॉक्टर यायच्या आधी, त्यांनी खुणेनं पाणी मागितलं. मॅनेजर धावत बँकेच्या माठातून स्टीलचा पेला भरून घेऊन आले. आप्पांनी पेला बाजूला केला आणि ओंजळ पुढे धरली. समोर सोजरबाई उभी होती, घागर घेऊन.

मी भीमनगरातला नसलो तरी तसल्याच वस्तीतला. तेव्हा मुरुडात पाणी कुणी कुठं भरायचं, कोण कुणाच्या हातचं प्यायचं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. लिंबाखाली उभ्या असलेल्या एकेका माणसाला ते ठाऊक होतं. सगळा गलका थांबला.

सोजरबाई चाचरली. तासभर झरोक्यातून त्यांना लेकींची नावं विचारत, दटावत जागं ठेवणारी ती बाई पहिल्यांदाच हळू आवाजात बोलली. "मालक, ही आमची घागर हाय."

आप्पांना धड श्वास घेता येत नव्हता. तरी म्हणाले, "मघापासून कुणाची पितोय मग?"

गर्दीत आप्पांचे थोरले भाऊ होते, त्यांनी एकदा तोंड उघडलं आणि मिटलं. आप्पांची ओंजळ तशीच पुढे.

तिनं घागर तिरकी केली. आप्पा प्यायले. ओंजळ भरून पुन्हा प्यायले. तिसऱ्यांदा पाणी तोंडावर मारून घेतलं, आणि चौथ्यांदा पुन्हा हात पुढे केले.

तेव्हा सोजरबाईनं घागर सरळ केली. आवाज आता पुन्हा वायरलेसवरचा, सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असा.

"पुरे आता आप्पा. घरी पोरं तहानलेली हायत."

आणि घागर कडेवर घेऊन, गर्दीतून वाट काढत, ती भीमनगराकडे निघून गेली.